गोविंदकाकांची पॉवर बँक

हे खरं घडलंय. पटत नसेल तर खुशाल सोडून द्या. मलाही आधी पटलं नव्हतं.

मी विहंग. पंचवटीत राहतो, रामकुंडावर पौरोहित्य करतो. हल्ली अर्धे यजमान परदेशात असतात. म्हणून माझ्या पिशवीत दर्भ आणि तिळांबरोबर मोबाईलचा स्टँड आणि पॉवर बँकही असते. हसू नका. मध्येच फोन बंद पडला तर लेकरांना आपल्या माणसाचं शेवटचं दिसत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली सकाळ. देवळाली कॅम्पच्या गोविंदकाकांचा दहावा होता. विधीला पुतण्या अमोल गावाहून, देवळ्याहून आलेला. काकांची बायको, कुसुमकाकू, पायरीवर बसलेल्या. एकुलती एक मुलगी स्वरदा मेलबर्नला. तिला सातवा महिना, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही सांगितलेलं.

ती माझ्या फोनमध्ये होती, व्हिडिओ कॉलवर.

"गुरुजी, कावळा शिवेपर्यंत फोन बंद करू नका हं. मला फक्त तेवढं बघायचंय."

पिंड ठेवला. कठड्यावर कावळे ओळीने बसलेले.

एकही खाली येईना...

अमोलने हात जोडले. "काका, काकूची काळजी नका करू. मी हाय ना."

नाही.

"स्वरदाच्या बाळंतपणाला काकूला मी स्वतः इमानात बसवून देतो."

तरी नाही.

इकडे माझा फोन चार टक्क्यांवर आलेला. माझी पॉवर बँक रिकामी. आदल्या रात्री आमच्या गल्लीत लाईट नव्हती आणि सकाळी घाईत ती मी तशीच पिशवीत कोंबली होती. स्वतःचाच राग आला.

कुसुमकाकूंनी आपल्या पिशवीतून एक निळी पॉवर बँक काढली.

"यांची आहे. नदीत सोडायला आणली होती. रोज सकाळी फिरायला जाताना खिशात असायची. स्वरदाशी बोलणं मध्येच तुटायला नको म्हणून. घरी पोचेपर्यंत हे बोलणार, आणि मग दारातून तिला म्हणणार, 'थांब, आईकडे देतो.'"

मी बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. काका दवाखान्यात गेल्यापासून ती कोणी चार्ज केलीच नव्हती. तरी वायर जोडली. दुसरं काय करणार?

चार टक्के...

चारच राहिले.

बराच वेळ गेला. कॉल चालू, पण आकडा हलेना. पॉवर बँकेला हात लावला तर बर्फासारखी गार.

"गुरुजी, तुमच्या मागे कोण खोकतंय?"

मी वळून पाहिलं. मागे फक्त कुंडाचं पाणी होतं.

"बाबा असेच खोकायचे..." स्वरदा म्हणाली.

अमोल माझ्या कानाशी आला. "गुरुजी, लय वेळ झाला. दर्भाचा कावळा करायचा का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात...

फोन बंद पडला.

आणि त्याच क्षणी एक कावळा खाली उतरला. थेट पिंडाला शिवला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. अमोलने सुस्कारा सोडला. मला मात्र फार वाईट वाटलं. त्या पोरीने एवढंच मागितलं होतं, आणि नेमकं तेच हुकलं.

निघताना काकू ती पॉवर बँक पाण्यात सोडायला वाकल्या. मीच अडवलं. "काकू, बॅटरी आहे ती. गोदावरीत नको."

त्यांनी ती परत पिशवीत टाकली.

घरी येऊन फोन चार्ज केला आणि आधी स्वरदाची माफी मागितली.

"माफी कसली?" ती म्हणाली. "कॉल कुठे कट झाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं चित्र गेलं. पण आवाज होता की. मी तासभर बाबांशी बोलले, गुरुजी. ते नुसतं 'हं, हं' करत होते." ती रडत होती, पण आनंदाने. "मला वाटलं, भास होतोय. पण शेवटी अगदी स्पष्ट बोलले..."

मला ते ऐकायचं नव्हतं.

"म्हणाले, 'थांब, आईकडे देतो.'"

कुसुमकाकू जिवंत आहेत. धडधाकट आहेत.

स्वरदाला त्याचा अर्थ लागलेला नाही. काकूंना हे मी सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना फोन करतो. त्या "बोला गुरुजी" म्हणेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

काल त्यांचा फोन व्यस्त होता. बराच वेळ व्यस्त...

शेवटी लागला.

"कोणाशी बोलत होतात काकू?"

"कोणाशीच नाही. फोन बंद पडला होता, आत्ता भिंतीवरच्या चार्जरला लावला तेव्हा सुरू झाला. तोवर यांच्या पॉवर बँकेला लावून ठेवला होता."

"ती चालते अजून?"

"कुठली! एक दिवा लागत नाही. पण यांची आठवण म्हणून लावते झालं."

तेवढ्यात त्यांच्या मागे कोणीतरी खोकलं.

"काकू, कोण आलंय घरी?"

"कोणी नाही हो. मी एकटीच आहे. का?"

ही कालची गोष्ट. आज सकाळ होऊन गेली, चहा समोर गार झालाय. काकूंचा नंबर काढून बसलोय...

अजून लावलेला नाही.