उपडा ग्लास

दिवा घालवलात ते बरं केलंत. रस्त्यावरचा उजेड येतो या गच्चीवर, तेवढा पुरे. तुमचे चेहरे दिसले की मी अडखळतो. आणि सुयश, मध्येच ‘काका, इज इट ट्रू?’ विचारू नकोस. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, तरी त्याचं उत्तर मला देता येत नाही. सदानंदने सांगितलं तसं सांगतोय. काही माझ्या पदरचं मिसळलं जात असेल, तर तेही मला कळणार नाही.

सदानंद इथेच, आखातात, अकाउंटंट होता. बायको, लीना, पुण्याला. जुफैर भागातल्या एका लहान हॉटेलच्या तळघरात बार होता, तिथे तो संध्याकाळी जाऊन बसायचा. गुरुवारी-शुक्रवारी समुद्रावरच्या पुलापलीकडून, दारूबंदीच्या देशातून, गाड्या आल्या की तिथे उभं राहायला जागा नसे. एरवी आपलीच माणसं. एकेकटी. सदानंदच्या शेजारच्या स्टुलावर गणपत बसे, कायम इस्त्रीच्या शर्टात. दोघं वर्षानुवर्षं बोलत आले. क्रिकेट, माशांचे भाव, राजकारण. पण कुठे राहता, घरी कोण, हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असा तिथला नेम. घर विसरायला आलेल्या माणसाला घर काय विचारायचं?

आणखी एक नेम होता, तो गणपतनेच घालून दिलेला. रमझानात बार महिनाभर बंद. आदल्या रात्री प्रत्येकाने आपला ग्लास कोरडा पुसून आपल्या जागेवर उपडा घालायचा. ईदला आपला आपण सुलटा करायचा. दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही.

त्या वर्षी ग्लास उपडा घालताना सदानंद चष्मा तिथेच विसरला. आठवडाभर जुन्या चष्म्यावर काढलं, मग आणायला गेला. दोन हजार पंचवीस, नऊ मार्च, रविवारची रात्र. रस्त्यावर रमझानची वर्दळ होती. हॉटेलच्या दारात चौकीदार अलीमियाँ चहा पीत बसले होते. दापोलीचे.

‘चष्मा व्हय? ही घ्या किल्ली. बटण डाव्या हाताला. मी नाय येत हां सदानंदशेठ, रोज्याचा महिना.’

‘रोजा सुटला की तुमचा.’

‘रोजा सुटला, खोली तीच ना?’

सदानंद हसत खाली उतरला. कुलूप काढलं, बटण दाबलं. काउंटरवरचा एकच दिवा लागला. उपड्या ग्लासांची रांग. त्याच्या ग्लासाशेजारी चष्मा.

आणि शेजारच्या स्टुलावर गणपत.

‘गणपतराव? तुम्हाला आत कुणी सोडलं?’

गणपत आपल्या ग्लासाकडे बघत होता.

‘सदाभाऊ, एवढा सुलटा करून द्या.’

‘ईदला. नेम तुमचाच.’

‘हात उचलत नाही हो...’

तेव्हा सदानंदचं लक्ष गेलं. अंगात बनियन. खाली लुंगी. पाय अनवाणी.

  वर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला... थांबला.

‘तुम्ही राहता कुठे?’ सदानंदच्या तोंडून निघून गेलं.

गणपतने मान वर केली.

‘उम्म अल हस्सम. बेकरीच्या वर, तिसरा मजला. कडी आतून आहे.’

सदानंद त्याच गल्लीत राहत होता. रोजचा पाव त्याच बेकरीतून घेत होता.

‘अहो, मग इतकी वर्षं...’

त्याने चष्मा उचलला. जुना काढून डोळ्यांवर चढवला.

स्टूल रिकामं.

वर येऊन त्याने अलीमियाँना विचारलं, गणपतराव कधी आले? अलीमियाँ म्हणाले, ‘कुलूप तुम्हीच काढलंत ना शेठ?’

तो तडक बेकरीवरच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं... मग पोलीस बोलावले. कडी तोडली. गणपत अंथरुणावर होता. बनियन, लुंगी. गेल्याला बरेच दिवस झाले होते. त्याने रजा टाकली होती. ऑफिसला वाटलं गावी पोचला. गावी वाट पाहणारं कुणी नव्हतं. आणखी महिनाभर कुणी दार वाजवलं नसतं.

मी सदानंदला म्हणालो, कधीतरी दोन पेग जास्त झाल्यावर त्याने पत्ता सांगितला असेल, तुझ्या मनात कुठेतरी राहिला असेल. मन असं करतं. मला ते पटवून घ्यायचं होतं. सदानंदने ऐकून घेतलं. मग ईदच्या रात्रीचं सांगितलं.

बार उघडला. ज्याने त्याने आपला ग्लास सुलटा केला. कोरडे, ठणठणीत. गणपतचा तेवढा राहिला.  शेवटी सदानंदने नेम मोडला आणि तो उचलला.

आतली काच वाफेने धुरकटली होती. आत तोंड घालून कुणीतरी नुकताच श्वास सोडावा, तशी. सगळ्यांनी पाहिली. पुसायला कुणी पुढे झालं नाही.

मी विचारलं, एसी असेल, काच गार पडली असेल?

‘नाही,’ तो म्हणाला. ‘कोमट होती.’