सिग्नलच्या आड

यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथंच सोडून द्यावं.

हे घडलं माझ्या मावसबहिणीच्या, यशोधराच्या घरी. गेल्या श्रावणात. बेगडेवाडी स्टेशनच्या मागे नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर.

आणि रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी.

यशोधरा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. नवरा राजेंद्र तळेगावला कारखान्यात. त्याची आई तो लहान असतानाच गेली. त्यामुळे दुपारी घरात दोघंच... ती आणि सासरे, निवृत्तीआबा.

इमारतीच्या रंगाचा वासही अजून गेला नव्हता. भलतंसलतं मनात यायचं काही कारणच नव्हतं. त्यातून त्या घरात भूतबित कुणी मानत नाही. अंगात येणाऱ्यांना आबांनी गावात तोंडावर सुनावलेलं.

त्रास होता तो लॅपटॉपच्या वायफायचा.

मीटिंग रंगात आली की नेट तुटायचं. एकदम नाही. सिग्नलची एकेक रेघ जायची... मग सगळं गोठायचं. थोड्या वेळानं आपोआप परत यायचं.

तिनं राउटर बंद करून चालू केला. नेटवर्क काढून पुन्हा जोडलं. ड्रायव्हर अपडेट केला, चॅनल बदलला. नेटवाला येऊन लाईन तपासून गेला. लाईन चोख होती. हॉलमध्ये राउटरपाशी बसलं की लॅपटॉप झकास चालायचा. आतल्या खोलीत नेला की नेट तुटायचं.

मध्ये होता फक्त एक पॅसेज.

ऑफिसातली अनघा म्हणाली, "मध्ये माणूस उभं राहिलं तरी सिग्नल पडतो गं. बघ, कुणी आडवं येतंय का."

पुढच्या वेळी रेघा घसरल्या, तशी यशोधरानं दार किलकिलं केलं.

पॅसेजमध्ये आबा होते. राउटरच्या दिशेनं हात पुढे करून काहीतरी पुटपुटत होते.

तेव्हा तिनं दार तसंच लोटून घेतलं. पण नंतर एकदा साहेबांसमोर काम मांडताना नेट गेलं. परत आलं तेव्हा साहेब वैतागलेले. ती ताडकन उठली आणि दार ढकललं. आबा तिथंच, तसाच हात पुढे केलेला!

"काय मांडलंय हे? स्वतःला उद्योग नाही म्हणून माझ्या पोटावर पाय देणार का? व्हा बाजूला तिथून!"

आबांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि ते निघून गेले.

दार आपटून ती आत आली. स्क्रीनवरच्या सगळ्यांच्या माना खाली होत्या.

माईक चालूच राहिला होता.

तिची कानशिलं तापली.

तेव्हापासून आबा जेवण झालं की स्टेशनवर जाऊन बसायला लागले. त्यांना थांबवावं असं तिला रोज वाटायचं. तोंडच उघडायचं नाही.

आणि अशाच एका दुपारी, घरात ती एकटी असताना...

नेट तुटायला लागलं.

तिनं लॅपटॉप उचलला आणि हातावर धरून पॅसेजमध्ये आली. एक पाऊल टाकलं... एक रेघ गेली. आणखी एक पाऊल... दुसरी गेली. समोर राउटरचे हिरवे दिवे नीट लुकलुकत होते. मध्ये कुणी नव्हतं.

मग आवाज आला...

फरशीवरून ओला पाय उचलावा तसा. चिकट. या पायावरचा भार त्या पायावर. खूप वेळ उभं राहून कुणी अवघडावं, तसा.

ती तशीच पावसात भिजत स्टेशनवर पळाली. आबा बाकावर बसले होते.

"आबा, पॅसेजमध्ये काय आहे?"

आबांनी नजर चुकवली.

"बाई उबी असती. भिताडाकडं तोंड करून. मी नुस्तं म्हनत हुतो, बाय, जरा सरक, पोरीचं काम चाललंय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"जलमभर लोकास्नी सांगितलं, असलं काय नसतंय म्हून. आता कंच्या तोंडानं सांगू? तू वरडलीस, म्हनलं वरडू दे. येडा तरी न्हाई म्हननार कुनी."

तिला मान वर करवेना. तिनं त्यांची छत्री उचलली आणि त्यांना हाताला धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी आबांना तिनं शेजारी बसवलं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी मी आमच्या आबांवर उगाच ओरडले. चूक माझी होती."

अनघाच्या कपाळाला आठी पडली. "आबांवर? आम्हाला वाटलं, सासूबाई आहेत."

"सासूबाई?"

"बाईचाच आवाज होता ना! तू दार आपटलंस, त्यानंतर आला. 'चुकलं बाय माझं. कुटं जावं कळंना, म्हून हितं उबी ऱ्हायले.' फार वाईट वाटलं गं आम्हाला."

आबांनी यशोधराकडे पाहिलं.

पॅसेजमध्ये... तोच ओला पाय उचलला गेला. मग दुसरा. घाईघाईनं, कुणाच्या तरी घरात नको तेव्हा आल्यासारखा. बाहेरच्या दाराकडे.

दार वाजलं नाही.

त्यानंतर नेट एकदाही तुटलेलं नाही. राजेंद्र म्हणतो, राउटरच खराब असणार, आपोआप सुधारला. यशोधराला मात्र त्या भरलेल्या रेघा बघवत नाहीत. कोण होती, कुठली होती, काही कळलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. बाहेर नुसतं कोसळत होतं. दार सताड उघडं, पाणी पार हॉलमध्ये आलेलं. मी लावायला उठले.

आबा पेपरात तोंड घालून बसले.

"राहू दे," यशोधरा खालच्या आवाजात म्हणाली. "एवढ्या पावसात कुणाला आत यावंसं वाटलं तर?"