घासभर जेवल्या

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून घाईनं निघालेल्या तरुणाच्या डब्यातलं सूप तिच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशावर सांडलं.

"माफ करा, सिस्टर... घोटभर तरी उरलंय का बघतो."

"घोटभर कसलं? जेमतेम ओठ ओले होतील."

तो हसला, गालाला खळी पडली आणि सिस्टरबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. सूप तिच्याच वॉर्डातल्या, खिडकीजवळच्या आजींसाठी होतं. हा त्यांचा मुलगा, चष्म्यांचं दुकान चालवणारा.

दुकान बंद करून तो येईपर्यंत आईचा डोळा लागलेला असायचा आणि डॉक्टर कधीच गेलेले. मग तो सिस्टरलाच विचारायचा, आज किती जेवली? वॉर्डात जेवणाच्या मापांना वजनकाटा नव्हता. शितभर म्हणजे नुसतं जिभेला लागलं, घासभर म्हणजे पोटात गेलं आणि वाटीभर म्हणजे आता घरी जायची तयारी. तिनं हे सगळं समजावल्यावर चष्मेवाल्यानं हळूच विचारलं, "आणि माझी आठवण किती येते?"

"चिमूटभर... चवीपुरती," म्हणता म्हणता ती कानांपर्यंत लाल झाली.

आजी खरं तर शितभरच खात होत्या. पण पहिल्या संध्याकाळी तसं सांगितल्यावर त्याचा चेहरा असा उतरला, की दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून 'घासभर' निघून गेलं. पुढे दोन घास झाले, मग अर्धी वाटी. तो खुलायचा, जिन्यापाशी रेंगाळायचा. आई घरी आली की तिच्यापाशी तुमचा विषय काढतो, असंही एकदा म्हणाला... तिला हर्ष झाला आणि त्याच क्षणी आपणच वाढवलेली अर्धी वाटीही आठवली.

एका दुपारी आजी गेल्या. परदेशी राहणारी त्याची थोरली बहीण पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आईचं सामान न्यायला तो आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "शेवटी किती खात होती? खरं सांगा."

"शितभर. पहिल्यापासून."

तो भिंतीला टेकला. "ताई रोज विचारायची, निघू का? मी म्हणायचो, घाई नको, अर्धी वाटी जेवतेय."

"तुमचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता... माझा जीव जडलाय तुमच्यावर."

"माझाही जडलाय," तो म्हणाला. "पण आता तुम्ही काहीही सांगितलंत तरी मला खरं वाटणार नाही, सिस्टर."

आईची उशी काखेत धरून तो जिना उतरू लागला. तिला हाक मारायची होती. पण हाक मारून सांगायचं काय, हेच तिला कळेना.