गाणं नसलेली खोली

"तुमच्या बागेश्रीत पहिल्या रांगेतले चार जण झोपले!"

विद्यापीठाच्या हॉलमागे मी तंबोऱ्याला गवसणी घालत होते, आणि हा अनोळखी माणूस पेढे वाटावेत तसा हसत हे सांगत होता. ही बाहत्तर सालची गोष्ट. संगीतात एम.ए. करत होते मी, पण एवढा अपमान कुणी केला नव्हता!

"मग तुम्ही काहून जागे राहिले?" मी फणकारले.

"मी मोजून राहिलो होतो ना..." तो गडबडला. "मी विश्वनाथ पांढरीपांडे. मानसशास्त्र विभाग. गाण्यानं आजाऱ्यांना झोप लागते का, यावर माझा प्रबंध आहे. तुम्ही... दवाखान्यात गाल?"

मला हसूच आलं. आणि हो म्हणून बसले.

महिनाभराचं काम होतं. बायकांच्या दोन खोल्या, व्हरांड्याच्या दोन टोकांना. संध्याकाळी एकीत मी गायचं, दुसरीत गाणं नाही. सकाळी कोण किती झोपलं ते विश्वनाथ विचारून वहीत लिहायचा. दोन खोल्यांतला फरक, तोच त्याचा प्रबंध. माझं गाणं झालं की सीताबर्डीपर्यंत तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर पायी यायचा.

"सायकल पंक्चर आहे का हो रोज?" मी एकदा विचारलं.

"नाही... तुम्ही चालता ना," म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तेव्हा मला तो फार आवडला. खोटं कशाला बोलू?

घोळ मीच घातला. दुसऱ्या खोलीत भिवापूरच्या प्रयागबाई होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दारात अडवलं.

"तिकडं रोज गाऊन राहिली वं बाई. आमाले काहून नाही? आमी काय पाप केलं?"

काय सांगणार? प्रबंधात तुमचा नंबर लागला नाही म्हणून? खाटेशी बसले आणि गायले. तंबोऱ्याशिवाय, हळूच. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच... विश्वनाथ यायच्या आधी.

महिना संपला त्या दिवशी तो व्हरांड्यातल्या बाकावर वही मिटून बसला होता.

"दोन्ही खोल्या सारख्याच झोपल्या, तारा. म्हणजे गाण्याचा काही उपयोग नाही. तसंच लिहून देतो आता. आमचे सर आधीपासून हसतच होते."

गप्प राहिले असते तर त्याला कधी कळलंही नसतं... पण ते उतरलेलं तोंड बघवेना.

"मी दोन्हीकडे गायले," मी म्हटलं. "रोज. प्रयागबाईंनी दारात अडवलं, मला नाही म्हणता आलं नाही. तुमचं सगळं काम बुडवलं मी. ओरडा हवं तर."

तो ओरडला नाही. वही उघडून दुसऱ्या खोलीची, मी गायला लागण्याआधीची पानं पुढच्या पानांशी ताडून बघू लागला. मला रडूच फुटलं.

"म्हणजे गाण्यानंच झोपल्या!" तो एकदम उभा राहिला. "तारा, दोन्हीकडच्या झोपल्या!"

"पण प्रबंध?"

"पुन्हा. पहिल्यापासून." मग म्हणाला, "आणि पुन्हा कुणी दारात अडवलं तर?"

"तर गाईन," मी नाक पुसत म्हटलं.

"मग हा प्रबंध या जन्मात काही पुरा होत नाही... तुम्हाला जन्मभर यावं लागेल माझ्याबरोबर." वही त्यानं माझ्यापुढे धरली. "याल?"

"बाबांना तुम्ही विचारायचं," मी म्हटलं. "मी फक्त गाणार."