न कापलेली पानं

कोकिळा आणि शिवदास यांची ओळख झाली ती भांडणातून.

छप्पन सालची गोष्ट. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला आणि तिथून अलिबागच्या वाचनालयात नव्या पुस्तकांची पेटी आली, आणि शाळेत नुकताच लागलेला विज्ञानशिक्षक शिवदास त्याच दिवशी सागरी वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ घेऊन गेला. त्या पेटीतल्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच असायची. पहिल्या वाचकानं ती चाकूनं हलकेच कापून मोकळी करायची. या गृहस्थानं बोटांनीच ओढली!

"पुस्तक वाचलंत की नांगरलंत?" फाटलेली पानं बघून वाचनालय सांभाळणारी कोकिळा कडाडली.

"आमचं मिठागर आहे हो, शेती न्हाय," तो ओशाळून हसला. "हातच खरखरीत…"

तेव्हापासून तो दर शनिवारी यायचा. कधी तत्त्वज्ञान न्यायचा, कधी भूगोल. निघताना दारात उगाच छत्री उघडायचा, मिटायचा, मागं वळून बघायचा… आणि न बोलता जायचा. इकडे कोकिळाचा जीव थाऱ्यावर नसायचा. पालीचं स्थळ सांगून आलं होतं, तिचे वडील, अण्णा, पुढच्या रविवारी होकार कळवणार होते, आणि हा बाबा आपला छत्रीशी खेळतोय!

शेवटी तिनंच धीर केला. नव्या कवितासंग्रहाच्या जोडलेल्या पानांत एका डोळ्यानं डोकावून तिनं शेवटची कविता चोरून वाचली होती. त्यात एक मुलगी विचारते, मला मागणी घालायला इतका उशीर का?

"शेवटची कविता वाचा," ती म्हणाली. "आणि… काय वाटलं ते सांगा."

पुढच्या शनिवारी त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"छान आहे. शेवटची तर… फारच छान."

बस्स? एवढंच? तिनं रागारागानं पुस्तक ओढून घेतलं, आणि थबकली. एकही पान कापलेलं नव्हतं.

"खरंच वाचलीत?"

"व्हय… म्हणजे…"

"खोटं! पानं तर जोडलेलीच आहेत."

शिवदासची मान खाली गेली. "चाकू तीनदा हातात घेतला. पण पुन्हा फाटलं असतं, तर तुम्ही दारात उभं केलं नसतंत. मग शनिवारी मी जायचं कुठं?"

कोकिळानं चाकू पुढं केला. जीभ दातांत धरून त्यानं शेवटची पानं कापली, अगदी सरळ. कविता वाचली. त्याचे कान लालबुंद झाले.

"ही… तुम्ही आधीच वाचली होती?"

"एका डोळ्यानं."

"मग अण्णांकडे उद्या येऊ? मागणी घालायला?"

"सकाळीच या," ती खाली बघत म्हणाली. "दुपारी पालीला निरोप जायचाय."

तो धावत सुटला. छत्री तिथंच राहिली. उरलेली पानं कापताना कोकिळाचं लक्ष दाराकडेच होतं, आणि एक पान वेडंवाकडं फाटलं. तिला मुळीच राग आला नाही.