केतकीची शिल्लक

‘उसनवाणी’ या मोबाइल कंपनीच्या नागपूरच्या इमारतीत करार मोडायला येणाऱ्यांसाठी जी खोली होती, तिच्या दारावर ‘स्नेहकक्ष’ अशी पाटी होती. आत एकच स्टूल. माणूस त्यावर अवघडून बसावा, कंटाळावा आणि करार तसाच ठेवून उन्हात चालता व्हावा, एवढाच काय तो कंपनीचा स्नेह. हेमांगी टिपणीस त्या स्टुलावर सकाळपासून बसली होती, आणि भिंतीतून येणारा गोड आवाज तिला पुन्हा पुन्हा बिलातल्या सवलतीची भेट देऊ करत होता.

“भेट नको मला,” ती भिंतीला म्हणाली. “देवतळ्याला बोलवा. सांगा त्याला, तुमच्या फोनची वाहिनी जिनं बांधली ती खाली बसली आहे.”

सुधन्वा देवतळे आला, पण घाईनं आला नाही. एके काळी दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती. गिऱ्हाइकांना शिल्लक मर्यादेचा खरा अर्थ सांगा, असा हट्ट हेमांगीनं धरला, तेव्हा तिला घरी बसवून तो तांत्रिक प्रमुख झाला. त्यानं ते कधी लपवलं नाही आणि तिनं कधी माफ केलं नाही.

“टिपणीस मॅडम, काय करून राहिल्या इथं?”

“माझ्या मुलीचं, केतकीचं कनेक्शन बंद करायचंय. आत्ताच. करार माझ्या नावावर आहे.”

“करार तीन वर्षांचा आहे. मुदतीआधी मोडता येत नाही. आणि कारण द्यावं लागते. इथं सगळं रेकॉर्ड होते, तेव्हा सोप्या भाषेत बोला. आमच्या वकिलांच्या डोक्यात तुमची गणितं शिरत नाहीत.”

हेमांगीचा तिळपापड झाला. पण काम तिचं होतं.

“गर्दीत मोबाइलची वाहिनी तुंबते,” ती म्हणाली. “मी त्यावर मार्ग काढला. तुंबलेल्या घटकेला वाहिनी स्वतःच्याच पुढच्या काळातली रिकामी जागा उसनी घेते, पगारातून आगाऊ उचल घ्यावी तशी. आता उचल द्यायची तर पुढे पगार किती येणार ते ठाऊक हवं. म्हणून भविष्यातून एकच गोष्ट मागे येते. बातमी नाही, आवाज नाही. कनेक्शन कायमचं संपेपर्यंत त्यावर एकूण किती वापर व्हायचा उरलाय, तो आकडा.”

“आणि तो चुकत नाही.”

“आजवर चुकलेला नाही. तुम्ही तोच ‘शिल्लक मर्यादा’ म्हणून लोकांना दाखवता. बिचाऱ्यांना वाटतं, कंपनीनं चिक्कूपणानं ठरवली असेल.”

“वाटू द्या. त्यात त्यांचंच सुख आहे.”

“केतकी लडाखला हिमनदीवर कामाला गेलीय. तिथं पोहोचली तसा काल मला तुमचा रोमिंगचा निरोप आला. आपल्या कुटुंबातील क्रमांक परक्षेत्रात गेला आहे, शिल्लक अमुक. देवतळे, ती शिल्लक एका लांबलचक फोनापुरती आहे.”

“रोमिंगमध्ये आकडा भराभर उतरते,” देवतळे म्हणाला.

“उतरतो, पण पुन्हा चढत नाही. तो शून्य झाला की कनेक्शन संपलं.”

“कनेक्शन दोनच कारणांनी संपते. एक तर करार मोडते, नाहीतर गिऱ्हाईक मरते.”

“म्हणूनच मोडायला आलेय. किती वापरानंतर कनेक्शन संपणार ते ठरलंय. कशानं संपणार ते ठरलेलं नाही. ते मी ठरवणार.”

“त्यानं मरण टळते, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मरणाची खूण तरी पुसली जाईल. मला तेवढं पुरे आहे.”

“आम्हाला नाही पुरत,” देवतळ्याचा आवाज चढला. “तुमचं ऐकलं की उद्या प्रत्येक आई इथं येऊन बसते. लोक घाबरून करार मोडतील. ते मोडणार, म्हणून आजच आकडे कमी दिसतील. कमी दिसले की आणखी लोक घाबरतील. कंपनीचं दिवाळं निघेल.”

“निघू दे. नाही म्हणालास तर इथून उठून थेट पत्रकारांकडे जाईन. आत्ता जे बोलले तेच तिथं बोलेन.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ही बाई पोकळ धमकी देत नाही, हे त्याला जुन्या अनुभवानं माहीत होतं. तो भिंतीवरच्या पडद्यापाशी गेला आणि करार मोडण्याच्या खुणेवर त्यानं अंगठा दाबला. पडदा काळा झाला, यंत्रणा दुरुस्तीसाठी थांबली आहे म्हणाला आणि पुन्हा उजळला. देवतळ्यानं पुन्हा दाबला. आता पडद्यानं अंगठाच ओळखला नाही.

तो हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. “तुमचंच प्रमेय विसरल्या तुम्ही? शिल्लक आहे, म्हणजे तेवढा वापर होणारच आहे. तो झाल्याशिवाय कनेक्शन तुटेल कसं? मी दिवसभर अंगठे दाबत बसलो तरी काहीतरी आडवं येईल.”

जगाला जे समीकरण हेमांगीनं शिकवलं, ते पोरीच्या काळजीपोटी तीच विसरली होती.

“मग शिल्लक संपवावी लागेल,” ती पुटपुटली. “संपल्या क्षणी तू करार मोड.”

“रोमिंगमध्ये तिकडं फक्त आवाज जाते. न बोलता धरून ठेवलेला फोन मोजला जात नाही. बोलावं लागेल.” तो थांबला. “मुलगी बोलते ना तुमच्याशी?”

मायलेकींचं वर्षभर बोलणं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. हेमांगीनं फोन लावला.

“हं,” पलीकडून केतकीचा आवाज आला. मागे वारा होता. “काय झालं?”

“काही नाही. कशी आहेस?”

“कामात आहे. दोर बांधून तयार आहोत, आता वर जायचंय. काही काम होतं का?”

“केतकी, फोन ठेवू नकोस. तुझी शिल्लक बघितलीस? तो आकडा…”

“पुन्हा आकडा? आई, तुझ्या आकड्यांना कंटाळूनच मी घर सोडलं. ठेवते.”

खरं सांगितलं की ती फोन ठेवणार, हे उघड झालं. पण हेमांगीला आपली लेक पुरती ठाऊक होती. केतकी ताट अर्धं टाकून उठेल, भांडण अर्धं टाकून उठणार नाही. हे वळण आईकडूनच आलं होतं.

“ठेव,” हेमांगी म्हणाली. “पळून जायला तुला छानच जमतं.”

“काय म्हणालीस?”

भिंतीवरच्या पडद्यावर केतकीचा आकडा उतरू लागला. हेमांगीनं मग मागेपुढे पाहिलं नाही. केतकीनं सोडलेलं शिक्षण काढलं, मोडलेलं लग्न काढलं, मैत्रिणींच्या जिवावर काढलेले दिवस काढले. केतकीनंही उट्टं काढलं. तू घरात बाई नव्हतीस, प्रयोगशाळा होतीस, असं ती म्हणाली, आणि ते हेमांगीच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. देवतळे अंगठा उचलून पडद्यापाशी उभा होता आणि दुसरीकडे बघत होता.

आकडा अगदी थोडा राहिला, आणि केतकी थकली.

“बस झालं, आई. मला रडवायलाच फोन केला होतास ना? झालं तुझं काम. सगळे खोळंबलेत. मी चालले.”

थोडीच शिल्लक होती. वर बर्फात, कुणाला तरी मदतीची हाक मारण्यापुरती.

“तुझे बाबा झोपेत गेले नाहीत,” हेमांगी म्हणाली.

पलीकडे फक्त वारा होता. आकडा जागच्या जागी थांबला.

“गेले त्या दुपारी ते तुला फोन लावत होते. सारखा. तुझं नाव घेत होते. तू उचलला नाहीस. मी तुला सांगितलं नव्हतं इतकंच.”

आणि मग केतकी बोलू लागली. ते बोलणं नव्हतं, आक्रोश होता. मी तालमीत होते, फोन जवळ नव्हता, तू तेव्हाच का नाही सांगितलंस, आज का सांगतेस, तू कोण आहेस, मला तुझं तोंड बघायचं नाही, मरेपर्यंत बघायचं नाही. हेमांगी एक एक शब्द ऐकत होती आणि आकड्याकडे बघत होती. एका वाक्याच्या मध्येच तो शून्य झाला. देवतळ्यानं अंगठा दाबला. या वेळी काहीही आडवं आलं नाही. करार मोडला.

“बापाबद्दल म्हणाल्या ते खरं होतं?” देवतळ्यानं विचारलं.

“नाही.”

“मी बरेच लोक दुखावले, मॅडम. तुम्हालाही. पण असं कोणाला बोललो नाही.” तो तिच्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तळावरच्या कुणाचा तरी फोन होता आणि आवाज केतकीचा होता. ती जिवंत होती.

“बाबांबद्दल विचारायला फोन केलाय,” केतकी म्हणाली. “दुसरं काही बोलू नकोस. आणि माझा फोन का बंद केलास ते सांग.”

हेमांगीनं सांगितलं. आकडा, रोमिंगचा निरोप, स्नेहकक्ष, सगळं. केतकीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. लहानपणापासून ती हीच समीकरणं ऐकत जेवली होती.

“म्हणजे तू करार मोडणार होतीस,” ती सावकाश म्हणाली, “म्हणून आकडा कमी होता.”

हेमांगीनं मनातल्या मनात पडताळून पाहिलं. समीकरण बरोबर होतं.

“मला काही होणारच नव्हतं.”

“तसं असेल. नसेलही. आता ते कळायचा मार्ग उरलेला नाही.”

“आणि बाबा?”

“ते मी खोटं सांगितलं. तू फोन ठेवू नयेस म्हणून. बाबा झोपेतच गेले गं. त्यांनी कुणालाही फोन लावला नव्हता.”

“काल मी फोन ठेवू नये म्हणून खोटं बोललीस,” केतकी म्हणाली. “मग आज मी तुला सोडून जाऊ नये म्हणून खोटं बोलत नाहीस, हे मी कशावरून धरू?”

झोपेतच गेले, हेमांगीनं पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. पलीकडे केतकी ऐकत होती; फोन तिनं ठेवला नव्हता.