आबांचे साठ टक्के

आबांचं काहीतरी बिनसलंय, हे चैत्रालीला कळत होतं. पण आबांच्या मनगटावरचा पट्टा ते कबूल करायला तयार नव्हता. घरापासून खाडीच्या बांधावर जायची चढण ती केवढीशी! म्हैससुद्धा रवंथ करत चढून जाईल. पण हल्ली आबा मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "जरा पाखरं बघतो." आभाळात एक पाखरू नसायचं.

"आबा, तुला दम लागतोय."

"छट्! हे बघ." आबांनी पट्टा पुढे केला. त्यावर हिरवी अक्षरं होती : 'हृदय दर ठोक्याला साठ टक्के रक्त बाहेर टाकते. उत्तम.' "आता बोल! यंत्र खोटं बोलतंय का?"

मागून आरोग्यकेंद्राचा यंत्रमानव डुलत डुलत येत होता. दिसेल त्याच्या छातीला कान लावायची त्याला सवय, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं होतं ठोकेराव. "हिराजीआबा, तुमच्या हृदयाची झडप (रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देणारं दार) गळतेय," तो शंभराव्यांदा म्हणाला. "शहरात जाऊन नवी बसवून घ्या. हृदय थकून गेल्यावर दुरुस्ती केली, तर तिचा तेवढा उपयोग होत नाही."

"साठ टक्के उत्तम म्हणजे उत्तम! आणि मी गेलो तर बांध कोण सांभाळणार, तू?"

चैत्रालीचे आईबाबा दूर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते. घरात ती आणि आबा, दोघंच. आबांना काही झालं तर? पण पट्टाही खोटा नव्हता आणि ठोकेरावही. मग खरं काय?

बांधावर दुसरंच संकट उभं होतं. खारवडी गावची भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली. समुद्र वर सरकल्यापासून तर फारच खाली. म्हणून बांधात उघाडी (शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार) होती. शेताचं पाणी आधी एका हौदात जमायचं. हौद भरला की पंप ते उघाडीतून बाहेर ढकलायचा आणि थांबायचा, पुन्हा भरला की पुन्हा ढकलायचा. उघाडीची झडप फक्त खाडीकडे उघडायची. पंप थांबला की भरतीचं पाणीच तिला दाबून बंद करायचं.

आज पंप धापा टाकत होता, पण शेतातलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. रोपं बुडायला आली होती.

"मेला हा पंप!" आबा कडाडले.

"पंपाला का बोलतोस?" चैत्रालीनं पंपावरची मोजणीची तबकडी पाहिली. "दर वेळी ठरलेलं पाणी बाहेर टाकतोय की तो. तबकडीवर सगळं ठीक आहे."

मग ती हौदाच्या काठावर पालथी पडली आणि नुसती बघत राहिली. पंपानं जोर लावला, पाणी भसकन् बाहेर गेलं. पंप थांबला. आणि मग, अगं बाई! झडपेच्या फटीतून खाडीचं पाणी फुस्सकन् परत आत आलं.

"आबा, झडप मिटतच नाहीये! कुणीतरी ठोकळा अडकवलाय!"

आबांचा चेहरा पडला. "अगं... काल मीच तो लावला. जिताड्याची पिल्लं भरतीबरोबर हौदात येतात ना, जाळ्यानं काढून तळ्यात सोडायची होती. काढायचा विसरलो."

जिताडा म्हणजे खाडीचा चवदार मासा. तो तळ्यात वाढवायचा आणि पाहुण्याला खिलवायचा, ही साऱ्या खारवडीची हौस. त्या हौसेपायी शेत बुडायची वेळ आली होती!

"म्हणजे पंप मेहनत करतोय," चैत्राली हळूहळू म्हणाली, "पण टाकलेलं पाणी परत येतंय, आणि तो तेच पुन्हा टाकतोय. तबकडी फक्त किती टाकलं ते मोजते. परत किती आलं, ते मोजतच नाही!" ती ताडकन् उठून बसली. "ठोकेराव! आबांचा पट्टापण असाच आहे का?"

"अगदी असाच," ठोकेराव म्हणाला. "हृदयाची डावी जवनिका (शरीराकडे रक्त ढकलणारा कप्पा) म्हणजे हा हौद. समज, त्यात दहा वाट्या रक्त मावतं. ठोका पडला की सहा वाट्या महाधमनीत (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत) जातात. हे झाले साठ टक्के. पण तिथली झडप गळकी असेल, तर दोन ठोक्यांच्या मधे तीन वाट्या परत येतात. शरीराला मिळाल्या किती?"

"तीनच! म्हणजे निम्मी मेहनत फुकट?"

"हो. आणि परत आलेल्या तीन वाट्यांत नवं रक्तही येऊन पडतं. सगळं मावायला कप्पा ताणून मोठा होतो, जास्त जास्त रक्त ढकलतो. बसल्या जागी भागतं, चढणीवर कमी पडतं. हृदय बरीच वर्षं तक्रार करत नाही आणि मग एकदम थकतं."

चैत्रालीनं आबांचा हात घट्ट धरला. तिला रडू फुटलं. "आबा, मला भीती वाटते रे. बांध मी बघते. ठोकळा तर मुळीच लावणार नाही. तू जा."

आबांनी बांबू घातला, ठोकळा उपटून काढला. पंप थांबला तशी झडप धाडकन् मिटली. हळूहळू रोपांचे शेंडे वर दिसू लागले. आबांनी तिकडे बघत हात पुसले. मग म्हणाले, "बोलाव रे ठोकेराव, शहरात जाणारी होडी."

शहरातल्या डॉक्टरांनी छाती उघडलीच नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि घडी करून नेलेली नवी झडप तिथे नेऊन उघडली.

आबा परत आले ते बडबडतच. दवाखान्यातली आमटी कशी पाणचट, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कसा घोरायचा, असं सांगत सांगत ते चढण चढले. चैत्राली श्वास रोखून बघत होती. बांध आला तरी आबांची गोष्ट संपली नव्हती.

तिनं घाईघाईनं पट्टा पाहिला. 'साठ टक्के. उत्तम.'

"अय्या, आकडा तोच!"

"तोच. पण आता सगळं पोचतंय," ठोकेराव म्हणाला. "तुझी शंका मी पट्टे बनवणाऱ्यांना कळवली. पुढच्या पट्ट्यात किती टाकलं याच्या शेजारी किती पोचलं, हेही दिसेल." त्यानं आपल्या ऐकायच्या नळीचं एक टोक आबांच्या छातीला आणि दुसरं तिच्या कानाला लावलं. पूर्वी तिथे लब्-डब्-फुस्स ऐकू यायचं. आता लब्-डब्, आणि मग शांत. लब्-डब्, आणि मग शांत.

तिनं आबांच्या कमरेला मिठी मारली आणि मुद्दाम विचारलं, "काय आबा, आज पाखरं नाही बघायची?"

"असली तर बघीन ना!" आबा म्हणाले, आणि झपाझप पुढे चालू लागले.